एकोणतीस इंचांची जागा

"सोमवार को मिस्त्री आएगा. तब तक ले गई तो तेरा, नहीं तो काटके शेल्फ बनवा दूँगी," दीदी म्हणाली आणि परत गिऱ्हाइकाच्या केसांना मेंदी थापायला लागली.

बोलणं एका आरशाचं चाललं होतं. चार फूट उंच, अठ्ठावीस इंच रुंद, जाड काचेचा. उल्हासनगरात कॅम्प पाचला दीदीचं ब्यूटी पार्लर होतं आणि त्याच्या मागच्या खोलीत हा आरसा भिंतीकडे तोंड करून उभा होता. पुराच्या वर्षी वालधुनी नदीचं पाणी पार्लरात शिरलं, तेव्हा काचेला काही झालं नाही, पण मागची फळी भिजून फुगली आणि तिचे पापुद्रे सुटले. दीदीने ती सोलून फेकून दिली. खालच्या कोपऱ्यात बोटभर काळपट डाग पडला होता, तेवढाच. आता तिने पार्लरचं नवं काम काढलं होतं. भिंतभर आरसे येणार होते, त्यामुळे ह्याला जागा उरली नव्हती.

"पण अशी नंगी काच मी देणार नाही," हे तिनं मराठीत सांगितलं. महत्त्वाचं काही असलं की ती माझ्याशी मराठी बोलायची. "मागे पक्की फळी लाव, इथे लाव, माझ्यासमोर. मग घेऊन जा."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. एरवी मी फार घाबरट. कोपऱ्यापर्यंत गेलेली बाई गॅस बंद केलाय का बघायला घरी परत येते ना, ती मी. पण हातानं करायच्या कामाचं मला कधी भय वाटलेलं नाही. कुठलीही वस्तू समोर आली की ती कशी शिवली असेल, कुठून उसवता येईल, हे मला दिसायला लागतं.

मी परभणीकडची. आठवीत असताना आई आजारी पडली, घरात माझ्याहून लहान दोघं, म्हणून शाळेत जायचं थांबलं. मग गावातल्या एका बाईकडे शिलाई मशीनवर बसले. पोलकी, परकर, झबली. लग्न झालं आणि अंबरनाथला आले. नवरा एका कारखान्यात फिटर. शिवमंदिराच्या बाजूला तळमजल्याची एक खोली आणि मागे स्वयंपाकघर, एवढं आमचं घर. माहेर इतकं लांब की सणाला जाऊन येईपर्यंत सण मागे पडायचा. दीदीकडे मी पहिल्यांदा गेले ती साड्यांना फॉल लावायचं काम मागायला. तिनं काम दिलं, आणि मी बसल्या बसल्या बघते म्हणून एक दिवस हातात दोरा दिला. "कपडे का धागा पकड सकती है तो ये भी पकड." आधी स्वतःच्या मांडीवर, मग तिच्या हातावर, मग तिच्या गिऱ्हाइकांच्या भुवयांवर. दोन वर्षं तिनं मला शिकवलं आणि त्याबद्दल कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. आज बदलापूरला माझं स्वतःचं पार्लर आहे, मुली हाताखाली आहेत. मी त्यांना शिकवताना ओरडते. दीदी माझ्यावर कधी ओरडली नव्हती, हे तेव्हा हटकून आठवतं.

तर आरसा. तो मला का हवा होता, हे सांगते. घरच्या घरी काम सुरू करायचं माझं ठरलं होतं. खुर्ची होती, दोरा होता, क्रीम-बीम होतं. शेजारणी येऊनही जायच्या. पण हातात छोटा आरसा दिला की बाई जमिनीवर मांडी घालून बसते, चहा मागते, आणि उठताना "बरं झालं गं" म्हणून निघून जाते. शेजारणीकडे आल्यासारखी. समोर मोठा आरसा असला की तीच बाई खुर्चीवर ताठ बसते आणि कसं करायचं ते सांगते. म्हणजे ती गिऱ्हाईक होते. हे मी दीदीकडे बघितलं होतं. नवा तेवढा आरसा घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. हा गेला तर पुन्हा असा कुणी देणार नव्हतं. शुक्रवार होता तो.

घरी आले नि घरमालकिणीला सांगितलं. ह्या मावशी इथल्याच, जुन्या आगरी घरातल्या, मागची भातशेती जाऊन तिथे खोल्या झाल्या होत्या. भाडेकरूंवर त्यांची नजर असायची, पण प्रेमही असायचं.

"आरसा लाव नायतर आख्खा सिनेमा लाव," मावशी म्हणाल्या, "पन भितीला खिला मारायचा नाय हां. आरध्या इटीची भित हाय ती. पलीकरं आमचं देव हायेत. तू इकरं ठोकशील नि तिकरं देव माझ्या डोक्यावर."

ते मला अपेक्षितच होतं. मी रात्री पडल्या पडल्या ठरवून टाकलं. फळी आरशापेक्षा उंच घ्यायची, सहा फूट. खालचा भाग मोकळा ठेवायचा, वरच्या भागावर आरसा. फळी जमिनीवर उभी राहील, भिंतीला टेकेल, खिळा लागणारच नाही. खुर्चीवर बसलेल्या बाईला डोक्यापासून मांडीपर्यंत दिसेल. जागाही ठरलेली होती. दाराची चौकट आणि लोखंडी कपाट ह्यांच्या मधली. दारातून उजेड यायचा तो नेमका तिथे. कपाट सरकवता येत नव्हतं, सरकवलं की स्वयंपाकघराचं दार अडायचं. माझ्या शिलाईच्या टेपने ती जागा मापली. एकोणतीस इंच. आरसा अठ्ठावीस. अगदी आमच्यासाठीच कुणी मापून ठेवल्यासारखं.

शनिवारी सकाळी कॅम्प पाचला प्लायवूडच्या दुकानात गेले. एकटी गेले, कारण नवरा पहिल्या पाळीला. दुकानदार म्हातारे सिंधी काका, कानामागे पेन्सिल, अंगावर भुश्श्याची पूड. त्यांचा कटिंगवाला गावी गेला होता, म्हणून ते स्वतःच मशीनवर उभे होते. करवतीच्या आवाजात सगळे एकमेकांशी ओरडून बोलत होते.

"क्या चाहिए, पुट?" पुट म्हणजे लेकरू. सिंधी माणसं कुणालाही म्हणतात, पण लांबच्या माणसाला ते ऐकायला बरं वाटतं.

"छह फूट बाय तीस इंच. पौन इंचवाला प्लाय."

"दरवाजा बना रही है?"

"आरसा."

"लकडी का आरसा? अंधे के लिए?"

बाकावर बसलेली दोन-तीन माणसं हसली. मी त्यांना नीट समजावून सांगितलं, की जुनी फळी पुराच्या पाण्यानं फुगली, ही मागची नवी फळी आहे, आरसा वेगळा आहे, जागा कुठे आहे. जागा म्हटल्यावर त्यांनी मशीन बंद केली.

"जगह नापी है?"

"हो. उनतीस."

"जगह उनतीस, और फळी तीस?"

"मार्जिन," मी म्हटलं. "दोनो साईड आधा-आधा इंच."

"अरे पुट," काका बाकाकडे बघत म्हणाले, "मार्जिन तो हम रखते हैं. गिऱ्हाईक भी रखने लगा तो हम क्या खाएँगे?"

पुन्हा सगळे हसले. मीही हसले. पण मागे हटले नाही. इतकी वर्षं कात्री चालवलेली बाई मी. माप घेतलं की त्यात अर्धा इंच मिळवायचा, हे मला विचार करून करावं लागत नाही. छाती चौतीस असेल आणि कुणी चौतीसच कापड कापलं, तर ते पोलकं कुणाच्या अंगात जाणार? मापाला मापाएवढं कापतो तो शिकाऊ. काकांना लाकडातलं कळतं, पण मापातलं मला कळतं, असं मला अगदी ठाम वाटत होतं.

"तीसच कापा," मी म्हटलं.

काकांनी पेन्सिलीने रेघ मारली. "ब्लेड भी अपना एक सूत खाता है." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारकामात सगळं त्यातच बोलतात. "लाईन के इधर काटूँ कि उधर?"

"उधर," मी म्हटलं. "तीस पुरे राहायला पाहिजेत."

"पूरा तीस," ते म्हणाले. "कटा हुआ माल वापस नहीं होता, हाँ. बोलके रखता हूँ."

फळी रिक्षात घातली. घातली म्हणजे आडवी शिरवली, अर्धी आत, अर्धी बाहेर. रिक्षावाला म्हणाला, "ताई, हे ह्या जन्मात जाणार नाही," आणि मग स्वतःच दोरी काढून बांधली. रस्ताभर मी एका हातानं फळी आणि एका हातानं रिक्षाची दांडी धरून बसले होते. मनात इतकी खूश होते, की नाक्यावर ओळखीची बाई दिसली तर तिला मानेनंच फळी दाखवली.

दीदीनं सांगितलं होतं की फळी तिच्याकडे आण, तिथेच आरसा चढवू. पण मी आधी घरी आणली. शिलाईतली आणखी एक सवय आहे. ट्रायल घेतल्याशिवाय हुक लावायचे नाहीत. म्हटलं, एकदा जागेवर उभी करून बघू.

उभी केली. चौकटीला एक कड लावली आणि दुसरी कड कपाटाच्या बाजूने आत ढकलली. गेली नाही. थोडी तिरकी करून ढकलली. तरी नाही. गुडघा लावला. कपाट कुरकुरलं, वरची ट्रंक हलली, पण फळी जिथल्या तिथे. टेप काढला. जागा मापली, एकोणतीस. फळी मापली, तीस. दोन्ही मापं बरोबर होती.

पाच मिनिटं मला कळेच ना की चुकलं कुठे. मी कपाटावर चिडले. चौकटीवर चिडले. मग फळी भिंतीला टेकवून समोर जमिनीवर बसले, आणि बसल्यावर कळलं. पोलकं अंगावर चढतं, म्हणून ते अंगापेक्षा मोठं कापायचं. फळी जागेत शिरते. तिथे जागा म्हणजे अंग नाही, जागा म्हणजे पोलकं. मी अंगच मोठं करून आणलं होतं. काकांनी सरळ सरळ विचारलं होतं, आणि मी त्यांना शिलाई शिकवून आले होते.

हसू आलं, आणि मग बोटांवर दिवस मोजले. शनिवारची दुपार. दुसऱ्या दिवशी रविवार. आणि सोमवारी सकाळी दीदीचा मिस्त्री. त्या आरशावर काच कापायचा हिरा फिरवल्याचा करकर आवाजच ऐकू यायला लागला.

मावशींनी दारातून डोकावलं. "काय गं, शिरत नाय? येवरा त्वांड पाडू नको. माझा पुतन्या हाय ना, करवत हाय त्याच्याकरं. आत्ता येल नि कापून देल."

मला मोह झाला. पण एकदा फळीच्या कडेवरून बोट फिरवलं. मशीनने कापलेली कड गुळगुळीत होती. हातकरवतीनं इतकी लांब रेघ सरळ जाणार नाही, आणि वरचा पातळ पापुद्रा उचकटणार. कात्री बोथट असली की कापडाचं काय होतं, ते मला माहीत होतं.

"नको मावशी," मी म्हटलं, "कापलंय तिथेच परत कापून आणते."

"ते तुला हसतील."

"हसू देत."

नवरा संध्याकाळी घरी आला आणि दारातच फळीला अडखळला. सगळं ऐकून घेतलं. हात-पाय धुतले. टॉवेलने तोंड पुसत पुसत म्हणाला, "आमच्या कंपनीत एक इंच चुकला तर मेमो देतात."

"मग द्या मेमो," मी म्हटलं. "आणि उद्या माझ्याबरोबर चला."

"उद्या मला झोपायचंय."

"सोमवारी झोपा."

"सोमवारी पाळी आहे गं."

"मग मंगळवारी."

त्यानं टॉवेल वाळत टाकला. रात्री जेवताना म्हणाला, "मला आधी विचारलं असतंस तर..." आणि माझ्याकडे बघून थांबला. मग भाकरी मोडत म्हणाला, "तर मीही तीसच म्हटलं असतं कदाचित." खोटं होतं ते. फिटर माणूस, तो कशाला म्हणेल? पण खोटं बोलला, ते मला आवडलं.

रात्रभर मी जागी नव्हते, पण झोपेतही फळीतून निघणारी ती एक इंचाची पट्टी मी इकडून तिकडे ठेवून बघत होते. आरसा फळीवर राहणार कशावर? बाजूने क्लिपा लागतील, काचवाल्याकडे मिळतात. पण सगळा भार क्लिपांवर कसा टाकायचा? खाली काहीतरी पाहिजे, काच ज्याच्यावर उभी राहील असं. आणि सकाळी उठताना कळलं, ते मला विकत आणायचंच नाही. ते फळीला चिकटलेलंच होतं.

रविवारी काकांचं दुकान अर्ध्या दिवसाचं. आम्ही पोचलो तेव्हा ते शटर खाली ओढायच्या बेतात होते. रिक्षातून निघालेली फळी बघून त्यांनी हात कमरेवर ठेवले.

"मार्जिन वापस करने आई?"

"हो," मी म्हटलं. "तुमचं तुम्हाला ठेवा."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "भाईसाहब, कल बोला मैंने. पर ऐसे बोली ये, तीसच कापा, मुझे लगा इंजिनियर है." नवऱ्यानं मान डोलावली. घरी त्यालाही तो आवाज माहीत होता.

शटर परत वर गेलं. "अब कितना?"

"पौने उनतीस. एका बाजूनेच काढा. आणि पट्टी फेकू नका, मला पाहिजे."

"पट्टी का क्या करेगी? मियाँ को मारेगी?"

"दोन तुकडे करा तिचे. फळीच्या रुंदीएवढे. एक आरशाच्या खाली लावणार, एक वर. काच खालच्या पट्टीवर उभी राहील."

काकांनी कानामागची पेन्सिल काढली. मग रेघ मारली. "इधर कि उधर?" त्यांनी विचारलं, आणि ह्या वेळी मी उत्तर द्यायच्या आधी थोडा विचार केला.

"तुम्हीच सांगा."

"ये बात," ते म्हणाले आणि मशीन सुरू केली.

फळी कापून झाली. पट्टीचे तुकडे झाले. शटर ओढायची घाई असलेल्या त्या माणसानं मग पॉलिश पेपर घेतला आणि चारही कडा हातानं घासून दिल्या. खालच्या कडेवर बोट टेकवून म्हणाले, "इसको रंग लगाना, पुट. दो हाथ. जमीन पर खडी रहेगी, पोछा मारेगी तो पानी पिएगी. पुराने वाले का क्या हुआ, देखा ना?" मी घरी गेल्यावर ते केलं, आणि त्या फळीनं पुढे कधी पाणी प्यायलं नाही.

तिथून दीदीकडे. रविवारची गर्दी ओसरली होती. तिनं आम्हाला मागच्या खोलीत घेतलं, दार लावलं आणि हातातल्या बांगड्या काढून कप्प्यात ठेवल्या. नवऱ्यानं फळी जमिनीवर आडवी टाकली, मापं घेतली, खालची पट्टी स्क्रूने घट्ट बसवली. मी पट्टीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, काच थेट लाकडावर बसायला नको म्हणून. काचवाल्याकडून आणलेल्या क्लिपा पदराच्या टोकाला बांधल्या होत्या, त्या सोडल्या.

मग काच उचलायची वेळ आली. मला वाटलं होतं तिघांत काही नाही. पण तेवढ्या आरशाला धरायला कड सापडत नाही, आणि उचलला की तो आतल्या आत थरथरतो. हाताला ते जाणवतं. दीदी एका टोकाला, मी एका टोकाला, नवरा मध्ये.

"कोई बोलेगा नहीं," दीदी म्हणाली. "फिटर है ना तू? फिट कर."

आम्ही काच उचलली. फळी आम्ही आधीच भिंतीला तिरकी टेकवली होती. काच पट्टीवर टेकली तेव्हा ट्यूबचा किंचितसा दबलेला आवाज आला. नवऱ्यानं एका हातानं काच दाबून धरली आणि दुसऱ्यानं क्लिप लावली. मग दुसरी. मग वरची पट्टी. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर त्यानं हात सोडला, आणि आम्ही तिघंही जरा वेळ तसेच हात पुढे करून उभे राहिलो, पडलाच तर धरायला. तो पडला नाही. आरशात आम्ही तिघं, केस विस्कटलेले, दीदीच्या कपाळावर घाम.

"अच्छे लग रहे हैं हम," दीदी म्हणाली.

न्यायला छोटा टेम्पो ठरवला. आईनं लग्नात दिलेली वाकळ मी सकाळीच बरोबर आणली होती, जुन्या लुगड्यांची, चांगली जाड. आरसा तिच्यात गुंडाळला. टेम्पोवाला आडवा झोपवा म्हणत होता, दीदीनं त्याला रस्त्यावर उभं राहून झापलं. काच कधी झोपवायची नाही, उभीच न्यायची. नवरा एका बाजूला, मी एका बाजूला, मध्ये वाकळीतला आरसा. मी दीदीला काहीतरी बोलणार होते. दोन वर्षांचं सगळं सांगायचं होतं. पण तिला बहुतेक ते समजलं, कारण तिनं मला बोलूच दिलं नाही.

"पहुँचके फोन करना," ती म्हणाली. "टूट गया तो मत करना."

कॅम्प पाच ते आमचं घर हे अंतर मी आयुष्यात इतक्यांदा कापलंय, पण त्या दिवशी त्यात इतके खड्डे कुठून आले होते कोण जाणे. प्रत्येक खड्ड्याला मी "हळू, हळू" म्हणायचे आणि टेम्पोवाला त्याच्या आरशातून बघून म्हणायचा, "ताई, ह्याच्यापेक्षा हळू म्हणजे उतरून ढकलायला लागेल." नवरा वाकळीला मिठी मारून चक्क झोपला होता. मला आधी राग आला. मग लक्षात आलं, त्यानं झोपेतही पकड सोडली नव्हती.

घरी उतरवला, वाकळ सोडली, कड चौकटीला लावली, ढकलला. आत गेला. कपाटाच्या बाजूने पाव इंचाची फट राहिली. मी तिथे टेप घालून बघितला.

मावशी आल्या. आधी आरशाच्या मागे वाकून बघितलं, खिळा नाही ना. मग पुढे आल्या आणि थबकल्या. "आगं बया," त्या म्हणाल्या, "यात तर सगला मानूस दिसतंय." डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, पदर सारखा केला आणि गेल्या. नवऱ्यानं त्यात बघून केस विंचरायला सुरुवात केली. त्याला मी तिथून हटवलं.

दीदीला फोन केला. तिनं "हाँ" एवढंच म्हटलं आणि ठेवला. पण ठेवायच्या आधी कुणाला तरी ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं, "पहुँच गया, पहुँच गया!"

सोमवारी नवरा पाळीला गेला. मी फरशी पुसली, खुर्ची आरशासमोर ठेवली. खालच्या पट्टीवर काच बसूनही बोटभर जागा पुढे उरली होती. तिथे दोऱ्याची रिळं, चिमटा, काजळाची पेन्सिल ओळीनं मांडली. उजेडासाठी दार सताड उघडं ठेवलं. सोमवारी आमच्या गल्लीतून देवळाकडे जाणाऱ्या बायकांची रीघ असते, हातात बेल, दुधाचा तांब्या. त्या जाताना आत बघायच्या. आधी मला वाटलं माझ्याकडे बघतायत, मग कळलं, स्वतःकडे बघतायत.

एक बाई थांबली. चाळिशीची असेल, हातात पूजेचं ताट, खांद्यावरची पिन सुटलेली. "बाई, जरा पदर लावू का आत येऊन?"

"या ना."

ती आली, ताट खुर्चीवर ठेवलं, पदर लावला. मग लगेच गेली नाही. चेहरा जवळ नेऊन बघितला. "पार्लर आहे का हे?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. ह्या प्रश्नाचं उत्तर मी आजवर कुणाला दिलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

"पाटी नाही दिसली बाहेर."

"लागेल आता."

"भुवया करतेस? परत येताना येते मी. उपास आहे, वेळ नको लावूस."

ती गेली. अशा म्हणणाऱ्या बायका येतातच असं नाही, दीदीकडेही येत नाहीत. मी खुर्ची पुसली. परत पुसली. स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे का बघून आले. रिळाचं टोक सोडवून ठेवलं. बाहेर देवळातून परतणाऱ्या बायका जायला लागल्या, कपाळाला ओलं गंध लावून, आणि प्रत्येकीबरोबर मला वाटायचं, हीच ती. मग मला तिची साडी आठवेना. जांभळी होती की मोरपंखी?

मोरपंखी होती. तिच्याबरोबर आणखी एक जण होती. "ही माझी जाऊ. आधी माझ्या कर, चांगल्या झाल्या तर हिच्या."

"आणि वाईट झाल्या तर?" जाऊबाईनं विचारलं.

"तर तू हसशील. एरवीही हसतेसच."

ती खुर्चीवर बसली. ताठ. मी मागे उभी राहिले. आरशात तिचा चेहरा, तिच्या मागे माझा, आणि दाराच्या उजेडात उभी असलेली तिची जाऊ.

"फार बारीक करू नको हं," ती आरशातल्या मला म्हणाली, "आमच्याकडे चालत नाही."

"जाडच ठेवते. फक्त आकार देते."

"डोळा धरू का मी?"

"वरून तुम्ही धरा, खालून मी सांगते तसं."

तिनं डोळे मिटले. मी दोऱ्याचं टोक दातांत धरलं आणि कामाला लागले.